दयेचा अधिकार कोणाचा?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शास्त्र शिकवलं आणि अवघड उतारे कधी टाळले नाहीत. त्यांच्या नावाने होणाऱ्या व्याख्यानात आपणही सोपी वाट धरू नये, म्हणून मी विषय निवडला तो देवाची दया आणि देवाचं सार्वभौमत्व. प्रार्थनेत हे दोन शब्द शेजारी शेजारी सुखाने नांदतात. विचार करायला बसलं की त्यांचं भांडण सुरू होतं.

घाटात बस दरीत कोसळते. चाळीसांपैकी दोघं वाचतात आणि त्यांच्या घरचे म्हणतात, देवाची कृपा. त्यांचं म्हणणं मनापासूनचं असतं. पण बाकीच्या अडतीस घरांनी काय म्हणायचं? देव सर्वसत्ताधीश असेल आणि दया कुणावर करायची हे सर्वस्वी त्याच्या मर्जीवर असेल, तर ती दया आणि राजाची लहर यांत फरक काय राहिला? उलट, त्याने सगळ्यांवर दया केलीच पाहिजे असं म्हणावं, तर त्याला कर्तव्य नेमून देणारे आपण कोण? आणि ज्याला आपण कर्तव्य नेमून देतो, तो सार्वभौम कसला?

या पेचावर ख्रिस्ती विचारवंतांनी दीड हजार वर्षं खल केला आहे. त्याच्याकडे मी नंतर येईन. आधी एक साधी गोष्ट करू. पवित्र शास्त्रात देव जिथे जिथे म्हणतो की दया कुणावर करायची ते मी ठरवीन, तिथे तो हे कुणापुढे आणि कुठल्या प्रसंगी म्हणतो, ते पाहू. वाक्य प्रसंगातून उचलून वेगळं काढलं की त्यातून हुकूमशहाचा आवाज ऐकू येतो. प्रसंगात परत ठेवलं की तोच आवाज पार बदलतो. माझं आजचं सगळं म्हणणं या एका निरीक्षणावर उभं आहे.

पहिला प्रसंग सीनाय पर्वताच्या पायथ्याचा, निर्गमाच्या बत्तीस ते चौतीस या अध्यायांतला. मोशे पर्वतावर आहे. त्याला यायला उशीर होतो, तेवढ्यात खाली लोक अहरोनाकडून सोन्याचं वासरू घडवून घेतात. देवाशी करार होऊन फार दिवस झालेले नाहीत आणि करारातली पहिलीच अट मोडली आहे. मोशे खाली येतो आणि कराराच्या पाट्या आपटून फोडतो. त्यानंतर छावणीत तलवार चालते आणि सुमारे तीन हजार माणसं मरतात. हा अध्याय गुळगुळीत करून सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

त्यानंतरचा मोशे बघण्यासारखा आहे. तो देवाशी हुज्जत घालतो. या लोकांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझंही नाव पुसून टाक, इथपर्यंत त्याची मजल जाते. भक्ताने देवाला असं कोंडीत पकडणं मराठी माणसाला नवं नाही. विठ्ठलाशी भांडणारे संत आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. मोशेचं भांडण मात्र स्वतःसाठी नाही. ज्यांच्या बाजूने बोलण्यासारखं काहीच उरलेलं नाही, अशा लोकांसाठी तो भांडतो. शेवटी तो देवाचं तेज बघायला मागतो, आणि उत्तरात देव त्याला आपलं नाव सांगतो. मला ज्याच्यावर कृपा करायची त्याच्यावर मी करीन, अशा अर्थाचं ते सुप्रसिद्ध वचन याच ठिकाणी येतं.

आता विचार करा, त्या क्षणी या वचनाचा अर्थ काय होता? इस्राएलचा हक्क संपलेला होता. करार त्यांनीच मोडला होता. हिशेबाने पाहिलं तर दयेला जागाच नव्हती. अशा वेळी देव म्हणतो की माझी दया तुमच्या हिशेबाला बांधलेली नाही. नेमक्या या स्वातंत्र्यामुळेच त्या लोकांचा जीव वाचतो. पुढच्याच अध्यायात देव स्वतःचं वर्णन करतो : कनवाळू, मंदक्रोध, दयेने भरलेला, पापांची क्षमा करणारा, पण दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा. शिक्षेचा हात तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचतो आणि दयेचा हजारोंपर्यंत. दोन्ही बाजू आहेत, पण त्या समान वजनाच्या नाहीत.

हे वर्णन पुढे इस्राएलच्या तोंडी बसलं. स्तोत्रांत आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांत ते पुन्हा पुन्हा येतं. त्याचा सर्वांत चमत्कारिक वापर योनाने केला आहे.

योनाचं पुस्तक अवघं चार अध्यायांचं. माशाच्या गोष्टीमुळे ते मुलांच्या वाट्याला गेलं, पण ते मोठ्यांचं पुस्तक आहे. देव योनाला निनवेला जायला सांगतो. निनवे म्हणजे अश्शूरची राजधानी, आजच्या इराकमधल्या मोसुल शहरासमोर, तैग्रिस नदीच्या पूर्व तीरावर. याच अश्शूरने इ. स. पू. 722च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य पुसून टाकलं. इ. स. पू. 701मध्ये सन्हेरीबाने यहूदातलं लाखीश शहर घेतलं आणि त्या विजयाची शिल्पं निनवेतल्या आपल्या राजवाड्याच्या भिंतींवर कोरून घेतली. ती शिल्पं आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. सुळावर चढवलेली माणसं, कातडी सोलली जाणारी माणसं, गाड्यांत संसार लादून निघालेली कुटुंबं, हे सगळं विजेत्याने मोठ्या अभिमानाने कोरून ठेवलं आहे. योनाचं पुस्तक ज्यांनी प्रथम ऐकलं, त्यांना निनवे हे नाव ऐकल्यावर काय आठवत असेल, याची कल्पना त्या दगडांवरून येते.

योना उलट दिशेला पळाला. का पळाला, हे चौथ्या अध्यायापर्यंत आपल्याला कळत नाही. भीतीने पळाला असेल असं वाटत राहतं. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, देव संकट टाळतो, आणि तेव्हा योना संतापून खरं कारण सांगतो. तू कनवाळू आहेस, मंदक्रोध आहेस, दयेने भरलेला आहेस, हे मला ठाऊकच होतं, म्हणूनच मी पळालो! सीनायवर जी स्तुती होती तीच इथे तक्रार झाली आहे. योनाला देवाची दया हवी आहे. माशाच्या पोटात त्याने तिच्यासाठीच प्रार्थना केली होती. त्याला नको आहे तो देवाचा अधिकार, ती दया आपल्या शत्रूलाही देण्याचा.

देव त्याला वेलीची सावली देतो आणि काढून घेतो. मग विचारतो की तू न लावलेल्या वेलीसाठी तुझा जीव तुटतो, तर ज्या शहरात उजवं-डावं न कळणारी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या शहराची मला कीव येऊ नये का? पुस्तक या प्रश्नावर संपतं. योनाने काय उत्तर दिलं, ते लिहिलेलं नाही. यहुदी लोक प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत हे पुस्तक वाचतात. आपल्या पापांची क्षमा मागण्याच्या दिवशी शत्रूला मिळालेल्या क्षमेची गोष्ट ऐकायची, ही योजना ज्यांनी केली त्यांना माणसाचं मन चांगलं माहीत होतं.

पण इथेच थांबलं तर आपण योनावर अन्याय करू. बायबलमध्ये निनवेवर दुसरंही एक पुस्तक आहे, नहूमाचं. तेही सीनायच्या त्याच वर्णनाने सुरू होतं. देव मंदक्रोध आहे, असं नहूमही म्हणतो. मात्र जिथे सीनायवर दयेचा उल्लेख होता, तिथे नहूम सामर्थ्याचा उल्लेख करतो आणि दोषी सुटणार नाही हे ठासून सांगतो. निनवे इ. स. पू. 612मध्ये पडलं. नहूमाचं पुस्तक म्हणजे त्या पतनाचा जयघोष आहे. लाखीशच्या शिल्पांतल्या त्या सोललेल्या माणसांना आवाज असता, तर तो नहूमासारखा असता. ज्यांनी शास्त्राचं संकलन केलं त्यांनी दोन्ही पुस्तकं ठेवली. योना ठेवला म्हणून नहूम काढला नाही. पीडिताची न्यायाची हाक आणि शत्रूवरही होणारी दया, दोन्ही त्याच एका देवाच्या नावाने बोलतात.

शिवाय योनाच्या पुस्तकातली दयाही फुकटची नाही. निनवेचा राजा फर्मान काढतो, त्यात केवळ उपासाची आज्ञा नाही. प्रत्येकाने आपल्या हातचा जुलूम सोडावा, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय हा जकातदार येशूला घरी घेतो, तेव्हा तोही उठून सांगतो की ज्याचं मी लुबाडलं त्याला चौपट परत करीन. येशूचं त्याच्या घरी येणं परतफेडीच्या आधी झालं, हे खरं. पण त्यानंतर परतफेड झाली, हेही तितकंच खरं.

येशूच्या दाखल्यांत हाच विषय बाजारात आणि शेतात उतरतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग दिवसभरात आणखी चार वेळा जाऊन लावतो. शेवटचे मजूर लागतात तेव्हा दिवस मावळायला एकच तास उरलेला असतो. संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर एकेक दिनार पडतो. आपल्या शहरांत सकाळी मजूर अड्ड्यावर डबा घेऊन उभी असलेली माणसं पाहिली की हा दाखला वेगळा कळतो. दुपारपर्यंत उभं राहून ज्याला काम मिळालं नाही, तो आळशी नसतो, त्याला कुणी नेलेलं नसतं. त्याच्याही घरी चूल पेटायची असते, आणि दिनार म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी, घर चालेल एवढी. पहाटेचे मजूर कुरकुरतात तेव्हा धनी म्हणतो की ठरलेलं तुम्हाला मिळालं, माझ्या पैशाचं काय करायचं ते माझ्या हातात नाही का? हे सार्वभौमत्वाचंच वाक्य आहे. मालकाचा अधिकार इथे पूर्ण आहे आणि तो त्याने कुणाचं काही कापण्यासाठी वापरलेला नाही. पहाटेच्या मजुरांना एक पैही कमी मिळालेली नाही. त्यांना सलते ती बरोबरी.

आता रोमकरांस पत्राचा नववा अध्याय. या विषयावरचं सगळं रणकंदन इथे झालं आहे. पौलाने हे पत्र इ. स. 57च्या सुमारास, बहुधा करिंथहून लिहिलं. त्याआधी काही वर्षं क्लौद्य सम्राटाने यहुद्यांना रोममधून घालवून दिलं होतं. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं त्यामुळेच करिंथला येऊन पौलाला भेटलं. इ. स. 54मध्ये क्लौद्य मेला आणि निरो गादीवर आला. मग यहुदी परतू लागले, तेव्हा त्यांना दिसलं असेल की मंडळीत आता यहुदीतरांचा वरचष्मा आहे. मूळ घरचे लोक उंबऱ्याबाहेर आणि मागाहून आलेले आत, असं चित्र होतं. आत बसलेल्यांना वाटू लागलं की देवाने इस्राएलला टाकलं आणि आपल्याला निवडलं.

या लोकांना पौल लिहितो. तो सुरुवात करतो ती मोशेच्या सुरात. माझ्या बांधवांसाठी मीच शापित होऊन ख्रिस्तापासून तुटलो तरी चालेल, असं तो म्हणतो. मग याकोब आणि एसाव येतात, फारोचं कठीण झालेलं मन येतं, आणि सीनायवरचं ते वचनही येतं. त्यानंतर कुंभार आणि मातीचं रूपक. घडवलेल्या वस्तूने घडवणाऱ्याला जाब विचारावा का? अध्याय इथे मिटला, तर उरतो तो भयंकर देव, काहींना मानासाठी आणि काहींना नाशासाठी घडवणारा.

पण पौलाने इथे लेखणी ठेवलेली नाही. कुंभाराचं चित्र त्याने संदेष्ट्यांकडून घेतलं आहे, आणि यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात तर कुंभार बिघडलेलं भांडं फेकून देत नाही. तीच माती घेऊन तो दुसरं घडवतो. फारोची गोष्टही निर्गमात एकपदरी नाही. फारोचं मन आपण कठीण करणार हे देव आधीच सांगतो, पण पीडा सुरू झाल्यावर आपलं मन फारोच कठीण करतो, एकदा नव्हे अनेकदा. देवाने ते कठीण केलं, असं कथा म्हणते ते नंतर. आणि पौलाचा सगळा युक्तिवाद अकराव्या अध्यायात येऊन ठेपतो, तिथे तो यहुदीतरांना उद्देशून बोलतो. तुम्ही रानटी जैतुनाच्या फांद्या, दुसऱ्याच्या मुळावर कलम केलेल्या. मूळ तुम्हाला पोसतं, तुम्ही मुळाला नाही. तोडलेल्या फांद्या देव पुन्हा लावू शकतो. शेवटी तो म्हणतो की देवाने सगळ्यांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सगळ्यांवर दया करण्यासाठी.

म्हणजे नवव्या अध्यायातलं ते कठोर बोलणं कुणाला बाहेर ठेवण्यासाठी नव्हतं. स्वतःला आत समजणाऱ्यांच्या हातून दाराची किल्ली काढून घेण्यासाठी होतं. सीनायवर देवाचं स्वातंत्र्य हक्क गमावलेल्यांच्या बाजूने बोललं. निनवेत ते संदेष्ट्याच्या रागाच्या विरोधात बोललं. रोममध्ये ते निवडलेपणाच्या गर्वाविरुद्ध बोलतं. प्रत्येक वेळी ऐकणारा वेगळा, पण सार्वभौमत्वाचा रोख एकाच दिशेला : दयेला माणसाने घातलेली कुंपणं काढण्याकडे.

इतिहासात मात्र नववा अध्याय पुष्कळदा अकराव्यापासून तोडून वाचला गेला. ऑगस्टीनने 396-97च्या सुमारास सिंप्लिशियनच्या प्रश्नांना उत्तरं लिहिताना या अध्यायाशी झुंज घेतली. पुढे त्याने स्वतःच लिहून ठेवलं की मी माणसाच्या इच्छास्वातंत्र्याची बाजू लढवायला निघालो होतो, पण देवाची कृपा जिंकली. कॅल्विनने 1559च्या आपल्या ग्रंथात दुहेरी नियोजनाचा सिद्धांत मांडला. देव काहींना जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी आधीच नेमतो, हे मांडताना हा निर्णय भयंकर आहे अशी कबुलीही त्याने दिली. आर्मिनियसच्या अनुयायांनी 1610मध्ये हरकत घेतली. डॉर्ट इथल्या 1618-19च्या धर्मसभेने ती फेटाळली. या सगळ्यांना देवाचं देवपण राखायचं होतं आणि त्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण वाद कुणाची निवड झाली आणि कुणाची नाही, या यादीभोवती फिरत राहिला. पौल तर यादी करणाऱ्यांशीच बोलत होता.

विसाव्या शतकात कार्ल बार्थने या वादाची दिशा फिरवली. हिटलरच्या नावाने बिनशर्त शपथ घ्यायला नकार दिल्याने त्याची बॉन विद्यापीठातली नोकरी गेली आणि 1935मध्ये तो स्वित्झर्लंडला परतला. सार्वभौमत्व म्हणजे काय, हा प्रश्न त्याला पुस्तकातून पडलेला नव्हता. 1942मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या खंडात त्याने मांडलं की निवडणारा देव आणि निवडलेला माणूस, दोन्ही ख्रिस्तच आहेत, आणि नाकारलं जाण्याचं ओझंही त्यानेच वधस्तंभावर घेतलं. ख्रिस्ताच्या पाठीमागे दडलेला दुसरा कुणी गूढ, लहरी देव नाही. बार्थचं सगळं मान्य नसणारेही हे एवढं मान्य करतील असं मला वाटतं.

या संदर्भात कॅथलिक बायबलमधल्या एका ग्रंथाचा उल्लेख केलाच पाहिजे. शलमोनाच्या नावावर असलेला ज्ञानग्रंथ प्रॉटेस्टंट परंपरेत प्रमाण मानला जात नाही, पण आपल्या प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर त्यात आहे. देवाला सगळं शक्य आहे म्हणून तो सगळ्यांवर दया करतो, आणि सगळ्यांवर त्याची सत्ता आहे म्हणून तो सगळ्यांना सांभाळून घेतो, असा त्याचा आशय आहे. दुबळा सत्ताधीश कठोर असतो, कारण त्याला आपली सत्ता सिद्ध करायची असते. ज्याच्या सत्तेला आव्हानच नाही, त्याला क्षमा परवडते. थॉमस अक्वायनसनेही म्हटलं आहे की देवाचं सर्वसामर्थ्य सर्वांत जास्त प्रकट होतं ते दया करण्यात.

आपल्याकडचं एक उदाहरण इथे आठवतं. पंडिता रमाबाई 1883मध्ये इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण चर्चच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी मान तुकवली नाही. त्यांची पत्रं वाचली तर ही बाई अधिकाराला किती सहज प्रश्न विचारत होती ते दिसतं. मात्र लंडनच्या फुलम भागात, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी भगिनींनी चालवलेलं काम पाहून त्या थबकल्या. अशा स्त्रियांवर दया का करायची, असं त्यांनी विचारलं, तेव्हा त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. आपल्याला मिळालेल्या शास्त्रशिक्षणात अशा स्त्रीसाठी दया कुठेच नव्हती, हे त्यांना जाणवलं. माणसांच्या सत्तेपुढे न झुकणारी ही विदुषी दयेच्या सत्तेपुढे झुकली. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या मुली आणि टाकलेल्या स्त्रिया आल्या, त्यांना कुणी शिफारसपत्र विचारलं नाही.

एक आक्षेप मला स्वतःलाही टोचतो, तो टाळून चालणार नाही. देवाची दया सगळ्यांसाठी मोकळी आहे, हे वाक्य जुलमी माणसाच्या तोंडी फार गोड लागतं. मारणाराच मार खाणाऱ्याला क्षमेचा उपदेश करतो, हे आपण घरात, कारखान्यात आणि देवळा-चर्चच्या आवारातही पाहतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात याचं उत्तर आहे. राजा एका चाकराचं दहा हजार तालांतांचं देणं माफ करतो. हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला दोनशे तालांत वसूल मिळे, अशी नोंद इतिहासकार जोसेफसने केली आहे. म्हणजे हे देणं त्या सबंध प्रांताच्या पन्नास वर्षांच्या महसुलाएवढं. तोच चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. तेव्हा राजा माफी मागे घेतो. दया देणारा सार्वभौम आहे, म्हणून दयेचा गैरवापर करणाऱ्याला तो परत बोलावू शकतो. ज्या दयेमागे सत्ता नाही, तिला जुलमी माणूस खिशात घालतो.

अपघातात गेलेल्या त्या अडतीस जणांच्या घरांना देण्यासाठी यातून काही स्पष्टीकरण निघत नाही. पौलाकडेही ते नव्हतं. अकराव्या अध्यायाच्या शेवटी तो देवाचे मार्ग अगम्य आहेत असं म्हणून स्तुतीकडे वळतो. पण त्यानंतर पत्र आणखी पाच अध्याय चालतं आणि माझ्या मते या सिद्धांताची कसोटी तिथे आहे. चौदाव्या अध्यायात रोमच्या मंडळीतलं भांडण निघतं, तेही जेवणावरून. काही जण फक्त भाजीपाला खातात, काही सगळं खातात. काही एखादा दिवस पाळतात, काही पाळत नाहीत. एक दुसऱ्याला तुच्छ लेखतो, दुसरा पहिल्याला दोषी ठरवतो. आपल्याला हे फार परकं वाटायला नको.

तिथे पौल विचारतो, दुसऱ्याच्या चाकराचा न्याय करणारा तू कोण? हा प्रश्न त्याने याआधी एकदा विचारला आहे. नवव्या अध्यायात देवाला जाब विचारणाऱ्याला तो म्हणाला होता, तू कोण? आता शेजाऱ्याला जाब विचारणाऱ्यालाही तो तेच म्हणतो. माझ्या मते हे दोन प्रश्न एकच आहेत. देवाचं सार्वभौमत्व मानणं म्हणजे त्याच्या वतीने निवाडे करण्याचा अधिकार सोडणं. तो चाकर उभा राहील, कारण त्याला उभं करायला त्याचा धनी समर्थ आहे, असं पौल लगेच पुढे म्हणतो. सामर्थ्याचा उल्लेख इथेही आहे, आणि तो कुणाला पाडण्यासाठी नाही.

म्हणून या सिद्धांतावर कुणाची खरी श्रद्धा आहे हे ओळखायचं असेल, तर त्याचा तोंडचा होकार पाहू नका. त्याच्या पंक्तीला कोण कोण बसतं ते पाहा.